रणगाड्यांची रणभूमी पाहायला निघताना: विदर्भातल्या गावांकडून येणारे प्रश्न

फौज विदर्भाला नवी नाही. पुलगावला दारूगोळ्याचं भांडार आहे, भद्रावती, भंडारा आणि अंबाझरीला आयुध निर्माणी आहेत, कामठीला गार्ड्सचं केंद्र आहे. पण रणगाड्यांची लढाई आपल्या काळ्या मातीवर कधी झाली नाही. त्यामुळे १९६५ आणि १९७१ च्या भारत-पाक युद्धांतल्या रणगाड्यांच्या रणभूमी पाहायला, म्हणजे पंजाबातल्या खेमकरण किंवा राजस्थानातल्या लोंगेवाल्याला जायचं ठरलं की हिंगणघाटपासून अर्जुनी मोरगावपर्यंत सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. ते एका ठिकाणी आणले आहेत. उत्तरं सारखी लांब नाहीत. जिथे सांगण्यासारखं आहे तिथे सविस्तर सांगितलं आहे, बाकीचं दोन ओळींत उरकलं आहे.

पहिल्यांदाच जातो आहे. खेमकरण आधी की लोंगेवाला?

खेमकरण. म्हणजे खरं तर त्याच्या थोडं अलीकडचं असल उत्तर हे गाव, पंजाबातल्या तरनतारन जिल्ह्यात. लोंगेवाल्याला पाहण्याची सोय जास्त आहे, तिथे फलक, बंकर, रणगाडे सगळं मांडून ठेवलं आहे. म्हणूनच ते दुसऱ्या वेळेला ठेवा. मांडून ठेवलेलं आधी पाहिलं की उघड्या वावरात काय शोधायचं याची नजर तयार होत नाही. आणि असल उत्तर ही शेतातली लढाई आहे. शेतकऱ्याच्या घरातला माणूस ती पुस्तकी माणसापेक्षा लवकर समजतो, हे मी ठामपणे सांगतो.

असल उत्तरला नेमकं झालं काय होतं?

सप्टेंबर १९६५. पाकिस्तानची पहिली चिलखती डिव्हिजन अमेरिकी पॅटन रणगाडे घेऊन खेमकरणकडून आत घुसली. ब्यास नदीचा पूल गाठायचा, ग्रँड ट्रंक रस्ता तोडायचा आणि अमृतसर बाकी देशापासून वेगळं पाडायचं, असा बेत होता. आपली ४ माउंटन डिव्हिजन मागे सरकली. मेजर जनरल गुरबक्षसिंग यांनी असल उत्तरभोवती घोड्याच्या नालेच्या आकारात मोर्चे बांधले. मदतीला ब्रिगेडियर थियोगराज यांची २ स्वतंत्र आर्मर्ड ब्रिगेड होती. त्यात ३ कॅव्हलरी या पलटणीकडे सेंच्युरियन रणगाडे, ८ कॅव्हलरीकडे हलके एएमएक्स-१३ आणि डेक्कन हॉर्सकडे दुसऱ्या महायुद्धातले जुने शेरमन.

मग पाटचाऱ्या फोडून शेतांत पाणी सोडलं. ८ ते १० सप्टेंबर असे तीन दिवस पॅटन त्या नालेच्या तोंडातून आत येत राहिले आणि रुतत राहिले. उभ्या उसात लपलेले सेंच्युरियन जवळ येऊ देऊन मारत होते. भारतीय बाजूच्या हिशेबाने ९७ रणगाडे नष्ट झाले किंवा हाती लागले.

इथेच ४ ग्रेनेडियर्सचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद जीपवरच्या १०६ मिमी तोफेने रणगाडे टिपत १० सप्टेंबरला शहीद झाले. गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूरचा हा माणूस. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. त्यांचं स्मारक असल उत्तरलाच आहे.

एवढा अवजड रणगाडा चिखलात जाणार हे त्यांना कळलं नसेल का?

प्रश्न बरोबर आहे, पण रणगाड्याचं वजन फसवं असतं. पॅटन पंचेचाळीस टनांच्या आसपासचा. मात्र ते वजन रुंद पट्ट्यांवर पसरतं, त्यामुळे जमिनीवरचा दाब चौरस सेंटिमीटरला एक किलोहूनही कमी भरतो. कोरड्या वावरातून तो निवांत जातो. पावसाळ्याच्या शेवटी, वरून पाणी सोडलेल्या मातीत मात्र पट्टा सालटं काढल्यासारखी माती ओढतो, गाडा खाली बसत जातो आणि एकदा पोट जमिनीला टेकलं की पट्टे नुसते जागच्या जागी फिरतात. चिखलणीच्या बांधीत केजव्हील न लावता ट्रॅक्टर घातला तर काय होतं ते गोंदिया-भंडाऱ्याकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

शिवाय वळणाचा प्रश्न असतो. रुतलेला रणगाडा तोंड फिरवायला गेला की त्याची कूस उघडी पडते, आणि पुढच्या पत्र्यापेक्षा बाजूचा पत्रा बराच पातळ. पाण्याने रणगाडे मारले नाहीत. पाण्याने ते शेरमनसारख्या म्हाताऱ्या गाड्यालाही मारता येतील असे उभे करून दिले.

लोक म्हणतात तिथे पाहायला काहीच नाही. खरं आहे का?

अर्धं खरं आहे. स्मारक आहे, रस्ता आहे, आणि चहूकडे शेत. एकही मोडका रणगाडा वावरात पडलेला दिसणार नाही. युद्ध संपल्यावर ते सगळे ओढून भिखीविंडजवळ रांगेत लावले होते. त्या जागेला लोक पॅटन नगर म्हणू लागले. पुढे त्यांतले कित्येक देशभरच्या छावण्यांत आणि चौकांत विजयचिन्ह म्हणून गेले, बाकीचे भंगारात.

म्हणून एक गोष्ट निघण्याआधीच लक्षात ठेवा. पॅटनांच्या लांबच लांब रांगेचे जे फोटो सगळीकडे फिरतात, ते लढाईच्या जागेचे नाहीत, गोळा करून ठेवलेल्या जागेचे आहेत. तो फोटो मोबाईलवर धरून असल उत्तरच्या शेतात तीच जागा शोधणारी मंडळी मी पाहिली आहेत. दिवस वाया जातो आणि दोष गावाला दिला जातो.

मग ‘तेव्हा आणि आता’ पाहायचं कशात?

पाण्यात, पिकात आणि मातीत. या तीन गोष्टी पाहिल्या तर असल उत्तरएवढी बोलकी जागा नाही.

मातीपासून सुरुवात करा. गाडीतून उतरल्यावर धुऱ्यावरचं एक ढेकूळ हातात घ्या. आपल्या रेगडासारखं ते चिकट नाही, भेगाळत नाही. पिवळसर भुरकट पोयटा आहे, बोटांत चोळला की पिठासारखा होतो, आणि त्यात खडा म्हणून सापडत नाही. नद्यांनी आणून टाकलेला गाळ तो. ओला झाला की त्याला खालून आधार असा उरतच नाही. काळ्या मातीत चाक चिकटून बसतं, इथे ते सरळ खाली जातं. हा फरक हाताला कळल्यावर पुढचं नकाशाशिवाय समजतं.

आता पीक. १९६५ साली त्या भागात सप्टेंबरात ऊस, कापूस, मका अशी उंच पिकं उभी होती. पॅटनची उंची तीन मीटरच्या वर, आणि उभा ऊसही साधारण तेवढाच. त्यामुळे झाकण उघडून उभ्या राहिलेल्या कमांडरलाही फार दूरचं दिसत नसे. आज त्याच महिन्यात गेलात तर बहुतेक धान दिसेल. पंजाबात १९६०-६१ साली धान जेमतेम सव्वादोन लाख हेक्टरवर होतं, आता ते तीस लाख हेक्टरच्या आसपास आहे. हरितक्रांती, ट्यूबवेल आणि हमीभावाची खरेदी यांनी हा बदल केला. त्याचा रणभूमी पाहणाऱ्यावर परिणाम असा की तेव्हा नजर दहा पावलांवर अडत होती, आज ती क्षितिजापर्यंत जाते. उभं राहून तुम्हाला वाटेल, इथे रणगाडा लपला कसा? तर तो लपला होता ते पीक गेलं. क्वचित एखादा उसाचा फड दिसला तर त्याच्या कडेला बसा आणि रस्त्याकडे पाहा. मग कळेल.

गंमत अशी की पाणी मात्र उलट्या बाजूने बदललं. तेव्हा शेतात पाणी मुद्दाम सोडावं लागलं होतं. आता धानामुळे पावसाळाभर ते तिथेच असतं.

तिसरा बदल माणसाने मुद्दाम केलेला आहे. १९६५ च्या धड्यानंतर पंजाबच्या सीमेला समांतर खोल चर आणि त्याला लागून उंच बांध घालण्यात आला. रणगाड्याला उडी मारता येणार नाही आणि चढता येणार नाही, अशी रचना. नव्वदीच्या सुरुवातीपर्यंत तारेचं कुंपणही आलं. ज्या मोकळ्या मैदानाने पॅटनांना आत बोलावलं, ते मैदान आता तसं मोकळं राहिलेलं नाही. या चराचा किंवा बांधाचा फोटो काढायचा नाही. पाहून घ्यायचं.

कोणत्या महिन्यात जावं?

लढाई झाली त्याच महिन्यात. बहुतेक जण डिसेंबरच्या सुटीत जातात. तेव्हा पंजाबात गव्हाची पोरसवदा हिरवळ असते, दाट धुकं असतं, गाड्या उशिरा धावतात आणि १९६५ चं काहीही दिसत नाही. पोळा-गणपतीच्या सुमारास, सोयाबीन सोंगणीला येण्याआधी आपल्याकडे थोडी सवड असते, तोच काळ असल उत्तरचा. उकाडा आणि डास सहन करा. १० सप्टेंबरच्या आसपास स्मारकावर कार्यक्रम असतो, गर्दी नको असेल तर तो दिवस टाळा.

लोंगेवाल्याला मात्र डिसेंबरच. ती लढाई डिसेंबरची आहे आणि एरवी वाळवंट भाजून काढतं.

गावाहून कसं पोचायचं?

पूर्व विदर्भातून छत्तीसगड एक्सप्रेस सोयीची. ती गोंदिया, नागपूरवरून थेट अमृतसरला जाते. बुलढाणा-अकोल्याकडच्यांनी भुसावळला जाऊन नांदेडहून येणारी सचखंड धरावी. वेळापत्रक बदलत असतं, निघण्याआधी पाहून घ्या. अमृतसरहून खेमकरण सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, तरनतारन-भिखीविंडवरून. खेमकरणपर्यंत रेल्वेही आहे. फाळणीआधी हाच मार्ग पुढे कसूरला जायचा, आता खेमकरणला संपतो. मी तरी जाताना रेल्वेने जा म्हणेन. सपाट मुलूख कसा असतो ते खिडकीतून हळूहळू अंगात भिनतं.

मुक्काम अमृतसरलाच ठेवा. तिथलं वॉर हीरोज मेमोरियल, पंचेचाळीस मीटर उंच तलवारीचं, आदल्या दिवशी पाहून घ्या. आधारकार्ड प्रत्येकाच्या खिशात असू द्या. बॅगेत ठेवून बॅग लॉजवर राहिली असं करू नका.

लोंगेवाल्याला काय बदललं?

आधी थोडक्यात घटना. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानचे टी-५९ आणि शेरमन रणगाडे पायदळ ब्रिगेडसह लोंगेवाल्याच्या ठाण्यावर आले. ठाण्यावर २३ पंजाबची एक कंपनी होती, सुमारे १२० जण, मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या हाताखाली. ठाण्यासमोरची तार पाहून पुढे सुरुंग पेरले असतील अशा शंकेने रणगाडे थबकले. वेळ गेला. आपल्या हंटर विमानांना रात्री दिसत नव्हतं, पण उजाडताच जैसलमेरहून ती आली आणि वाळूत अडकलेल्या रणगाड्यांवर तुटून पडली. चांदपुरींना महावीरचक्र मिळालं.

विमानातून घेतलेल्या त्या वेळच्या फोटोत वाळूवर रणगाड्यांच्या पट्ट्यांची वेडीवाकडी वेटोळी दिसतात, जीव वाचवायला गरगर फिरलेली. तो फोटो पाहून गेलात तर एक गोष्ट समजून जा: वाळूने ते सगळं केव्हाच पुसलं आहे. असल उत्तरला शेताने खुणा खाल्ल्या, इथे वाऱ्याने. पण इथे बदल मोजायला रस्ता आहे. तेव्हा कच्ची वाट होती, आता जैसलमेरहून रामगढमार्गे गुळगुळीत डांबरी रस्ता आहे, साधारण १२० किलोमीटर. वाटेत पवनचक्क्या आहेत, आणि इंदिरा गांधी कालव्याचं पाणी जिथे पोचलं तिथे चक्क हिरवी शेतं आहेत. आपल्याकडच्या माणसाला ती हिरवळ पाहून हेवा वाटतो, हे कबूल करायला हरकत नाही. पाणी वाळवंटात पोचलं आणि आपल्या पऱ्हाटीला मात्र आभाळाकडे पाहावं लागतं.

स्मारकावर पकडलेले रणगाडे, बंकर, जीपवरची तोफ आहे, छोटा माहितीपट दाखवतात. पुढे तनोट मातेचं मंदिर, तिथली व्यवस्था सीमा सुरक्षा दलाकडे आहे आणि १९६५ चे न फुटलेले गोळे मांडून ठेवले आहेत. तनोटच्याही पुढे सीमेपर्यंत जायचं तर दलाची परवानगी लागते. जैसलमेरजवळ जोधपूर रस्त्यावर २०१५ साली सुरू झालेलं युद्ध संग्रहालय आहे, तेही त्याच फेरीत होतं.

जुने फोटो आणि नकाशे कुठून आणायचे? गावात इंटरनेट कसंबसं चालतं.

घरीच डाउनलोड करून, शक्यतो छापून न्या. सीमेजवळ नेटचा भरवसा नको.

फोटोंपेक्षा मला उपग्रहाची जुनी चित्रं जास्त मोलाची वाटतात. अमेरिकेच्या कोरोना नावाच्या हेर उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात जमिनीची चित्रं घेतली होती, ती १९९५ मध्ये खुली झाली. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या अर्थएक्सप्लोरर या संकेतस्थळावर जागा निवडून शोधता येतात. आधीच स्कॅन झालेली चित्रं फुकट मिळतात. म्हणजे दोन्ही युद्धांचा काळ त्यात बसतो. काळंपांढरं चित्र, त्यात शेतांचे तुकडे, कालवे, रेल्वे. ते गुगल अर्थमधल्या आजच्या चित्राशेजारी ठेवलं की अर्धं काम झालं. पन्नाशीच्या दशकातले अमेरिकी लष्कराचे अडीच लाखाच्या प्रमाणातले नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ठेवले आहेत, तेही फुकट.

घरातल्या, शेजारच्या माजी सैनिकाच्या अल्बमला विसरू नका. त्यात फोटोच्या मागे पेनाने लिहिलेली तारीख असते, ती सगळ्या संकेतस्थळांपेक्षा भारी.

जुना फोटो जिथून काढला, तीच जागा ओळखायची कशी?

जे हलत नाही ते आधी शोधा. रेल्वे, कालवा, गुरुद्वारा, जुनी विहीर, रस्त्याचं वळण. झाडांवर विसंबू नका, साठ वर्षांत बाभळी गेल्या आणि निलगिरी-पॉपलर आले. दोन स्थिर खुणा मिळाल्या तर त्यांच्यातला कोन जुळेपर्यंत मागेपुढे आणि डावीउजवीकडे सरका. एका खुणेवर जागा कधीच ठरत नाही.

सावली पाहा. फोटोतल्या माणसाची सावली लांब असेल तर सकाळ किंवा संध्याकाळ, आणि सावलीच्या रोखावरून कॅमेऱ्याचं तोंड कुठे होतं ते कळतं. तुम्हीही त्याच वेळेला तिथे उभे राहा.

मोबाईलचा साधा कॅमेरा जुन्या कॅमेऱ्यापेक्षा बराच रुंद पाहतो. त्यामुळे समोरचं सगळं लांब गेल्यासारखं दिसतं आणि जागा चुकली असं वाटतं. दुप्पट झूम करून पाहा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच जुळतं. आणि उंचीचं भान ठेवा. तेव्हाचा छायाचित्रकार कित्येकदा रणगाड्यावर किंवा जीपवर चढलेला असायचा.

फिलोरा, चाविंडा, बसंतर पाहता येईल?

नाही. ही सगळी रणभूमी आज पाकिस्तानात आहे. १९६५ ला सियालकोट भागात आपली पहिली आर्मर्ड डिव्हिजन आत गेली होती. फिलोरा जिंकलं. चाविंडापाशी दोन्हीकडचे शेकडो रणगाडे भिडले आणि आपली चाल तिथे थांबली. १७ पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर १६ सप्टेंबरला तिथेच पडले, त्यांना परमवीरचक्र मिळालं. जानेवारी १९६६ च्या ताश्कंद करारानंतर दोघांनी एकमेकांची जमीन परत केली. खेमकरण गाव आपल्याला परत मिळालं तेही तेव्हाच.

१९७१ ला बसंतर नदीपाशी त्याच पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल लढले. जन्म पुण्याचा, वय एकवीस, कमिशन मिळून सहा महिने झालेले. १६ डिसेंबरला जळत्या रणगाड्यातून बाहेर पडायला त्यांनी नकार दिला. त्यांचे वडील ब्रिगेडियर खेत्रपाल २००१ मध्ये आपलं जन्मगाव पाहायला पाकिस्तानात गेले, तेव्हा ज्या निवृत्त पाकिस्तानी ब्रिगेडियरकडे ते उतरले होते त्यांनी स्वतःहून सांगितलं की त्या दिवशी समोरच्या रणगाड्यात मी होतो. आज तसं जाणंही शक्य नाही, २०२५ पासून अटारीचा रस्ता बंद आहे. सांबा जिल्ह्यात आपल्या बाजूला बसंतर नदी पाहता येते, तेवढंच. जम्मूकडचं छंब तर १९७१ नंतर पलीकडेच राहिलं.

या जागांसाठी उपग्रहाची चित्रं हाच मार्ग आहे. घरी बसून.

पूना हॉर्स आणि डेक्कन हॉर्स म्हणजे आपल्या मराठी माणसांच्या पलटणी ना?

नावावरून तसं वाटतं, पण नाही. पूना हॉर्स १८१७ साली पुण्यात उभी राहिली म्हणून ते नाव. जवान मुख्यतः उत्तरेकडचे. मराठी धागा मात्र वेगळ्या ठिकाणी आहे आणि तो बराच जाड आहे. असल उत्तरला डेक्कन हॉर्सचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य. तिथे महावीरचक्र, १९७१ ला बसंतरच्या लढाईत ब्रिगेड सांभाळताना दुसऱ्यांदा महावीरचक्र, आणि १९८३ मध्ये लष्करप्रमुख. १० ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. आणि १९६५ ला संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण होते.

दोन्ही देशांचे आकडे जुळत नाहीत. खरं काय मानायचं?

९७ हा आपला आकडा आहे हे सांगूनच वापरा. पाकिस्तानात चाविंडाची लढाई विजय म्हणून साजरी होते, आपल्याकडे असल उत्तर. दोन्ही ठिकाणी चढाई करणारा अडला, एवढं दोघांच्याही हिशेबातून निघतं. ‘नष्ट’ म्हणजे काय यावरही आकडा हलतो. जळालेला, रुतून सोडून दिलेला आणि दुरुस्त होऊन परत गेलेला, हे तिन्ही रणगाडे एकाच रकान्यात धरायचे का? अब्दुल हमीद यांनी किती मारले यावरही वेगवेगळे आकडे सांगतात. स्मारकावर उभं राहून त्यावर हुज्जत घालू नये. ज्याने उघड्या जीपवरून पॅटनसमोर तोफ लावली त्याच्यासाठी एकसुद्धा पुष्कळ होता.

जाण्याआधी खरा रणगाडा जवळून कुठे पाहता येईल?

अहिल्यानगरला. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने १९९४ मध्ये सुरू केलेलं रणगाडा संग्रहालय तिथे आहे. गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस नागपूर, वर्धा, बडनेरा, अकोला करत मनमाडवरून थेट तिथे जाते. शेरमन, सेंच्युरियन, विजयंता, एएमएक्स-१३, पीटी-७६ आणि पकडलेला पॅटन, असे असल उत्तरचे दोन्ही पक्ष एकाच झाडाखाली पाहायला मिळतात. सुटीचा वार आधी विचारून घ्या.

तिथे शेरमन आणि पॅटन शेजारी ठेवल्यासारखे मनात धरा आणि उंची पाहा, पट्ट्याची रुंदी पाहा. कुठल्याही रणगाड्यावर गोळ्याचं भोक दिसलं तर त्याकडे नीट बघा. भरीव गोळा मोठं गोल भोक पाडतो आणि त्याच्या कडेचं पोलाद ओठासारखं बाहेर वळतं. जीपवरच्या १०६ मिमी तोफेचा गोळा वेगळा. तो पत्र्यावर फुटून धातूची तापलेली धार आत सोडतो, त्यामुळे बाहेरून भोक अंगठ्याएवढंच दिसतं. आत काय झालं असेल ते त्या अंगठ्याएवढ्या भोकावरून समजत नाही.

रणगाड्यावर पोरं चढवून फोटो काढू नका. लहान मुलांना जरूर न्या, पण आधी गोष्ट सांगून.

आमचे आजोबा ६५ ला होते म्हणतात. कुठे होते ते कसं शोधायचं?

डिस्चार्ज बुक शोधा, जुन्या ट्रंकेत असतंच. त्यावर सैन्य क्रमांक आणि पलटणीचं नाव असतं. ते घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, तिथून त्या पलटणीच्या अभिलेख कार्यालयाला पत्र कसं लिहायचं ते सांगतात. विदर्भातले बरेच जण महार रेजिमेंटमध्ये गेले, तिचं केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे. आजोबा रणगाड्यात नव्हते म्हणून खट्टू होऊ नका. रणगाड्यांच्या लढाईतही पायदळ, तोफखाना, पाणी आणि दारूगोळा पोचवणारे असतातच. पुलगावच्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही.

दुसऱ्याच्या वावरात शिरलं तर मालक रागावत नाही का?

विचारलं तर नाही. ‘सत श्री अकाल’ म्हणा, महाराष्ट्रातून आलो, शेतकरी आहोत, असं हिंदीत सांगा. नांदेडमुळे महाराष्ट्राचं नाव तिथे घरचं आहे. बहुतेक वेळा चहा होतो आणि वडीलधारं कोणी असेल तर ‘आमचं घर तेव्हा सोडावं लागलं होतं’ इथपासून सुरुवात होते. ते ऐका, मध्ये फोन काढू नका. उभ्या धानातून चालायचं नाही, धुऱ्यावरूनच जायचं. हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही.

काही गोळा, काडतूस सापडलं तर?

हात लावू नका. आठवण म्हणून तर मुळीच नाही. जागा लक्षात ठेवा, लांब व्हा, पोलिसांना सांगा. साठ वर्षांचा गंजलेला गोळाही जिवंत असू शकतो.

ड्रोन नेला तर चालेल?

नाही. सीमेच्या पट्ट्यात ड्रोनला मनाई आहे. घरी ठेवा. ठाणी, पूल, कुंपण, जवान यांचे फोटोही नकोत. सीमेवर वातावरण तापलं असेल तर बेतच पुढे ढकला.

एवढा खर्च जमत नाही. विदर्भातच काही आहे का?

रणगाडे नाहीत, पण ‘तेव्हा आणि आता’चा हात बसवायला रणभूमी आहे. अकोला जिल्ह्यात तेल्हाऱ्याकडचं अडगाव. २९ नोव्हेंबर १८०३ ला तिथे भोसल्यांची फौज आणि वेलस्लीची इंग्रज फौज लढली. त्यानंतर १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला. नागपूरचा सीताबर्डी किल्ला १८१७ च्या लढाईचा. तो लष्कराच्या ताब्यात आहे, २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला लोकांना उघडतात. सीताबर्डीच्या टेकडीवरून खालचं शहर पाहताना त्या काळची मोकळी जमीन मनात उभी करणं हा चांगला सराव आहे, आणि अवघडही. अडगावला नोव्हेंबरअखेर जा, कापूस फुटलेला असतो.

दुसऱ्या महायुद्धातलं काही आपल्या देशात आहे?

कोहिमा आणि इंफाळ. १९४४ च्या लढाईतला एक अमेरिकी बनावटीचा रणगाडा कोहिमाच्या उतारावर अजून आहे. मागे न नेता जागेवर राहिलेला रणगाडा आपल्या देशात पाहायचा तर तिथेच. इंफाळला २०१९ साली शांतता संग्रहालय झालं आहे. मात्र मणिपूरची परिस्थिती पाहून मगच ठरवा. इजिप्तमधलं अल अलामेन किंवा रशियात कुर्स्कजवळचं प्रोखोरोव्का हा ज्यांच्या खिशाला झेपेल त्यांचा प्रश्न, त्यावर मी बोलत नाही.

परत आल्यावर फोटोंचं काय करायचं?

त्याच आठवड्यात नावं द्या, नाहीतर सगळी शेतं सारखीच दिसायला लागतात. प्रत्येक जोडीखाली चार गोष्टी लिहा: जुना फोटो कुठला, नवा कोणत्या तारखेला काढला, कॅमेऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला होतं, आणि जागा पक्की आहे की अंदाजाची. अंदाजाची असेल तर ‘अंदाजे’ हा शब्द गाळू नका, पुढचा माणूस त्यावरून निघणार असतो. एक संच छापून गावच्या वाचनालयात ठेवा. व्हॉट्सअॅपवर टाकायचेच असतील तर जुना आणि नवा फोटो एकाच चित्रात जोडून टाका. सुटे टाकले की दुसऱ्या दिवशी त्यातला जुना कुठल्यातरी भलत्याच लढाईच्या नावाने परत येतो.